दोन नंबरच्या खोलीतली हवा

१

पीक मेलेलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. समोर काही मेलेलं असतं तर सत्यभामाबाई मुनेश्वरांना कसं बरं वाटलं असतं. आर्णीच्या ठाण्यात जमादारकी करताना त्यांनी माणसांचे पंचनामे लिहिले होते, जनावरांचे लिहिले होते, एकदा तर विहिरीत पडलेल्या मोटरसायकलचाही लिहिला होता. पण इथं दोन नंबरच्या खोलीत छतापर्यंत चढलेल्या लोखंडी मांडण्या होत्या, मांडण्यांवर पिशव्या होत्या आणि प्रत्येक पिशवीतून अळिंबी, म्हणजे मशरूम, उगवलेली होती. जिवंत होती, पांढरी होती आणि पार बिघडलेली होती.

धिंगरी अळिंबी कशी हवी? कानाच्या पाळीसारखी पसरट, जाडजूड. ही बोटभर लांब देठांवर ताटकळत उभी होती आणि टोकाला टोपी म्हणाल तर मुगाच्या दाण्याएवढी.

"बाजारात कोण घेणार हे, मावशी?" वैष्णवी गावंडे म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, चिडका होता.

गेल्या साली गुलाबी अळीनं जिल्ह्याचा कापूस बोंडातल्या बोंडात खाल्ला, तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकलेल्या या पोरीनं कापसाला रामराम ठोकला. पऱ्हाटीला, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांना, मात्र सोडलं नाही. लोक शेतातली वाळकी पऱ्हाटी चुलीत घालत, ती हिनं विकत घेतली. एक मशीन पऱ्हाटीचा भुगा करायचं, दुसरं तो वाफवायचं, तिसरं पिशव्या भरायचं. मग तीन खोल्या. तिथं थंडावा, पाण्याचं धुकं, पंखे, सगळं भिंतीवरच्या एका पॅनेलच्या हुकमानं चाले. आर्णी-यवतमाळ रस्त्यावर लोक गाड्या थांबवून हा कारखाना पाहून जात.

सत्यभामाबाई मांडण्यांमधून येरझारा घालत होत्या. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, पण त्यांच्या पायांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. घरात बसवत नसे, विहारात बसवत नसे, लग्नाच्या पंगतीत तर मुळीच नाही.

"याले झालं काय?" त्यांनी विचारलं.

"गुदमरलंय. अळिंबी आपल्यासारखाच श्वास सोडते. हवा कोंदली की देठ लांबवते आणि टोपी आखडून घेते." वैष्णवीनं भिंतीवरची साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी दाखवली. "ही डबी हवा तपासते. हवा कोंदली की पॅनेलला सांगते, मग पंखा बाहेरची ताजी हवा ओढतो. मी नागपूरला गिऱ्हाइकांच्या मागं फिरत होते. मोबाईलवर रोज पाहायचे, दिवसभर हवा चांगली, सगळं हिरवं. आणि परत येऊन पाहते तर हे."

"म्हंजे डबी खोटं बोलली."

"डबी खोटीच आहे. मशीनं सांभाळणाऱ्या शादाबनं खरी काढून विकली आणि नकली लावली. मशीनला हात लावणारा दुसरा आहे कोण? कापसाच्या जिनिंग कारखान्यात होता तो, पार्टच्या भावाची त्याला बरोबर माहिती."

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून सत्यभामाबाईंचे पाय पहिल्यांदा थांबले. वैष्णवी गाडीत चार माणसं घालून आर्णीला शादाबच्या घरी गेली होती. भर सकाळी, त्याच्या आईच्या देखत घराची झडती घेतली. सापडलं काहीच नाही.

"झडती घ्याले तू कोण? ठाणेदार?"

"तुम्ही ठाण्यातल्या, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. संध्याकाळी तक्रार देणार आहे मी त्याच्यावर. पाहायचं ते आत्ताच पाहून घ्या. दुपारी या खोलीला वाफ देऊन सगळं उकडून काढायचंय, नाहीतर माश्या धरतील आणि बाकीच्या खोल्याही जातील. मोबाईलवरून वेळ लावून ठेवली आहे. दार आपोआप बंद होतं, वाफ आपोआप सुरू होते."

"माणसानं करावं असं काई ठेवलं हाय का व तुया कारखान्यात?"

असं म्हणत सत्यभामाबाई डबीजवळ गेल्या. चष्मा वर सरकवला, तोंड जवळ नेलं आणि दोन मोठे श्वास डबीवर सोडले. दाराबाहेरच्या पॅनेलवरचा आकडा टुणकन उसळला. छताजवळचा पंखा घरघरला आणि बाहेरची भट्टीसारखी हवा दोघींच्या डोक्यावर आली.

 डबी नकली नव्हती. अस्सल होती आणि इमानदारही होती. तरी वैष्णवीनं हेका सोडला नाही: डबी अस्सल असली तरी तिच्याशी खेळ केला तो शादाबनंच, तक्रार जाणारच.

२

शादाब बॉयलरच्या शेडखाली पोत्यावर बसला होता. कामावरून काढलं नव्हतं, पण काही करूही देत नव्हते. तिशीतला, हाडापेरानं मजबूत गडी. नजर मात्र जमिनीवरून उचलत नव्हता.

"तू चोर असशील तर आत्ता सांग," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मंग मले उन्हात फिराचं काम नाही."

"पेटीतले कपडे काढले अम्मीचे," तो म्हणाला. "निकाहातली ओढणी अंगणात फेकली. सारी गल्ली पाहून राह्यलती. आता अम्मी नळावर पाण्याले जात नाही. मी चोर हाय का नाही, थे तुमीच ठरवा."

 संध्याकाळी तक्रार गेली की या पोराला ठाण्यात बसवतील, मग तो सुटला तरी गल्लीत चोरच राहील. हे सत्यभामाबाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? असे सुटलेले चोर त्यांनी आर्णीत पुष्कळ पाहिले होते.

"खोलीत काई येगळं दिसलं?"

"येगळं असं नाही. पन रात्री दोन नंबरचा पंखा थांबतच नव्हता. आन दिवसा एकदम गप. एक नंबर, तीन नंबरचे पंखे दुपारभर चालत. मले वाटलं, याची हवा दिवसा चांगली रायत असन. तवाच खोलून पाहाले पायजे होतं. आता पासवर्ड बी बदलला मॅडमनं. मी हात लावला तर मशीन मले वळखत नाही."

रात्री पंखा चालतो, म्हणजे रात्री डबी खरं बोलते. दिवसा गप. सत्यभामाबाई पोलीस खात्यात तीस वर्षं एवढंच शिकल्या होत्या: जो साक्षीदार घरी खरं बोलतो आणि कोर्टात गप बसतो, त्याचं तोंड कोणीतरी धरलेलं असतं.

त्या पुन्हा दोन नंबरमध्ये शिरल्या. आता त्यांनी अळिंबी पाहिलीच नाही, बाकीचं सगळं पाहिलं. अळिंबीची पांढरी भुकटी खोलीभर बसली होती. नळ्यांवर, मांडण्यांवर, दिव्याच्या पट्टीवर पिठाचा हात फिरवावा तशी. बोट फिरवलं की रेघ उठे. फक्त ती डबी तेवढी स्वच्छ होती, आत्ता दुकानातून आणल्यासारखी.

मग त्या वाकत वाकत शेवटच्या मांडणीमागं गेल्या. तिथं भिंत आणि मांडणी यांच्यात जेमतेम सांदी होती. कोपऱ्यात एक बुटकं दार होतं. पिकून संपलेल्या पिशव्या त्यातून शेताच्या बाजूला ढकलून देत. त्याची कडी बाहेरून.

"इथं कोण येते?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तिथं कशाला कोण येईल? तिथून तोडणी होत नाही," वैष्णवीनं बाहेरून उत्तर दिलं.

सत्यभामाबाई फरशीकडे पाहत राहिल्या. सगळीकडे भुकटी होती आणि त्या सांदीत मात्र एक लांबोडका तुकडा पुसल्यासारखा कोरा होता. रुंदी हातभर आणि लांबी माणसाएवढी.

३

कारखान्यावर खार खाणारं माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती. विमलताई गेटजवळच्या लिंबाखालीच भेटल्या. मशीन येण्याआधी पिशव्या भरणाऱ्या बायांच्या त्या मुकादम होत्या. मशीन आलं आणि बाया घरी गेल्या. विमलताई तेवढ्या राहिल्या, तोडणीवर, आणि रोज मशीनला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देत.

"हव, मले राग हाय," त्या म्हणाल्या. "लपवून कोनाले ठेवू? पन मले सूड घ्याचा असता तर पिशव्या भरणाऱ्या त्या मशीनच्या तोंडात गोटा घातला असता. पिकाले कायले मारू? पिकानं माह्यं काय बिघडवलं?"

"दोन नंबरात तोडणीले कोण असते?"

"मी एक नंबरले. दोन नंबरात उर्वशी एकटी. गरीब बाई हाय, कोनाच्या अध्यात नाही. बंजाऱ्यायच्या तांड्यावरची." विमलताईंनी तोंडावरचं फडकं सारखं केलं. "हे फडकं बांधल्याशिवाय आत नका जाऊ, जमादारीणबाई. भुकटी छातीत जाते. नवी बाई आली की आधी खोकतेच. कोरडा खोकला, रात्रभर झोपू देत नाही. फडकं बांधलं की कमी होते."

उर्वशी एक नंबरात होती. पस्तिशीची, काटक, हातांचा वेग असा की बोलतानाही थांबत नव्हता. दोन नंबर बंद झाल्यावर तिला इकडं लावलं होतं.

"तुया खोलीतच हे झालं. तुले काई दिसलं नाही?"

"टोपी बारीक येत होती, थे दिसलं. मले वाटलं, वाढन."

"हवा कोंदल्यावानी वाटली नाही?"

"नाही बाई. खोली तं मस्त थंड राहे. सारी दुपार थंडीच."

विमलताई मागून म्हणाल्या, "नशीबवान हायस व तू. या खोलीत तं पंखा लागला की ऊन आत येते. दुपारून जीव नकोसा होते."

उर्वशीचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. सत्यभामाबाईंनी तो थांबलेला हात पाहून ठेवला. पाय मात्र दाराकडे वळले. अजून एक माणूस भेटायचं राहिलं होतं, आणि त्या माणसाचं वैष्णवीशी चांगलंच वाजलं होतं.

४

भीमसिंग राठोड कारखान्याला पऱ्हाटी पुरवायचा. गेल्या महिन्यात वैष्णवीनं त्याची आख्खी ट्रॉली परत पाठवली, औषधाचा वास येतो म्हणून. 'तुह्यं मशीन बंद पाडतो,' असं तो रस्त्यावर उभा राहून म्हणाला होता, आणि ऐकणारे पुष्कळ होते.

नाल्याच्या काठानं तांडा जवळ पडतो. ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं, म्हणून सत्यभामाबाईंनी नाल्याचीच वाट धरली. वाटेत मोठा वड होता. त्याखाली शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या, दुसरं कोणी नव्हतं.

भीमसिंग ओसरीवर होता. राग अजून शाबूत होता, पण जुना झालेला.

"म्हणालतो बाई. माणूस रागात म्हणते. पन वास तं होताच ना पऱ्हाटीले! गेल्या साली औषध फवारू फवारू पऱ्हाटी इखारी केली आमी. अळी मेली नाही, माह्या लहान्या भावाचे डोळे गेले."

"गेले?"

"गेल्यावानीच. नेमसिंगनं माह्याच वावरात फवारलं. दवाखान्यात जीव वाचला. पन आता उजेड सहन होत नाही, ऊन तं बिलकुल नाही. टिनाच्या घरात दुपारी कसा राहीन? डोक्श्यात कळा मारते, उलट्या करते. एकदा तं बेसुद पडला."

"मंग दुपारी रायते कुठं?"

"नाल्यावरच्या वडाखाली. त्याची बायको कामावर जाताना त्याले तिथं बसवते, येताना आणते. आता त्याले खोकला बी लागला. कोरडा, रातभर. डॉक्टर म्हणते फवारणीचा असन. फवारणीले साल होत आलं, आता त्याचा खोकला कुठून येईन, तुमीच सांगा."

सत्यभामाबाईंना येतानाचा वड आठवला. वडाखाली तर शेळ्या होत्या.

तेवढ्यात शेजारच्या वांग्याच्या वावरातून फवारणीच्या पंपाचा आवाज सुरू झाला. भीमसिंगच्या बायकोनं धावत येऊन पाण्याच्या माठाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढली आणि रबर चढवला. मग दुधाच्या पातेल्यावर, मग लेकराच्या वाटीवर.

"हे काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"सवयच लागली बायायले," भीमसिंग म्हणाला. "गेल्या सालापासून, पंप ऐकू आला की जे हाताशी हाय थे झाकून टाकतात. कायचा बी पंप असो."

"नेमसिंगच्या बायकोचं नाव काय?"

"उर्वशी. तुमच्या त्या कारखान्यातच तं हाय."

सत्यभामाबाई उठल्याच नाहीत, उडाल्या. साठीच्या बाईला धावताना तांड्यानं प्रथमच पाहिलं. वड मागं पडला, शेळ्या बिचकल्या. नाला ओलांडताना कारखान्याकडून भोंगा ऐकू आला, लांब आणि एकसुरी. दोन नंबरच्या खोलीचं दार आपोआप बंद होत होतं.

५

"बंद कर!" त्या गेटातूनच ओरडल्या. "वैष्णवी, वाफ बंद कर! आत माणूस हाय!"

"खोली रिकामी आहे मावशी. सकाळी तुम्ही स्वतःच..."

"बंद कर म्हणते ना!"

भोंगा ऐकून बाया बाहेर आल्या होत्या. सत्यभामाबाईंनी उर्वशीचे दोन्ही खांदे धरले. "नेमसिंग कुठं हाय?"

उर्वशीनं तोंड उघडलं नाही. फक्त दोन नंबरकडे पाहिलं. मग बंद दाराच्या फटीतून निघणारी वाफ तिला दिसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून विमलताईंच्या हातातलं टोपलं पडलं. ती खोलीच्या मागं धावत सुटली.

वैष्णवीनं मोबाईल काढला. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली, रेंज नव्हती. शादाब पॅनेलपाशी पोचला होता. त्यानं जुना पासवर्ड दाबला, पॅनेलनं लाल अक्षरांत नकार दिला. पुन्हा दाबला, पुन्हा नकार. "नवा सांगा!" तो ओरडला. वैष्णवी आकडे सांगू लागली, चुकली, पुन्हा सांगू लागली. तिनंच लावलेला आकडा तिच्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

शादाबनं पॅनेलचा नाद सोडला. तो बॉयलरकडे पळाला आणि वाफेच्या मोठ्या नळावरच्या लोखंडी चाकाला त्यानं नुसत्या हातांनी मिठी मारली. चाक तापलेलं होतं. तो ओरडला, पण हात सोडले नाहीत. एक फेरा, दुसरा, आणखी एक. वाफेचा सूं आवाज बारीक होत होत थांबला.

मागच्या बाजूला उर्वशी बुटक्या दाराची कडी ओढत होती. सत्यभामाबाईंनी तिच्या हातांवर हात ठेवून ओढली. दार उघडलं, पांढरा लोट बाहेर आला, आणि त्या लोटातून एक माणूस हातापायांवर रांगत, खोकत बाहेर पडला. डोळ्यांवर काळं फडकं होतं. दार उघडेपर्यंत बिचाऱ्याला ते कोणत्या अंगाला आहे तेच कळलं नव्हतं.

जिवंत होता. कातडी लाल झाली होती, श्वास ओढत होता, पण होता.

लोट विरल्यावर सत्यभामाबाईंनी आत डोकं घातलं. भिंतीवरच्या डबीवर अळिंबीची प्लास्टिकची पिशवी ओढलेली होती आणि तिच्या तोंडाशी रबर होता.

६

नेमसिंगला गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात पाठवलं. मागोमाग धावत आलेला भीमसिंग सोबत गेला. उर्वशीला मात्र सत्यभामाबाईंनी थांबवून घेतलं, कारण तिच्याशिवाय हे पुरं होणार नव्हतं. त्या स्वतः बसल्या नाहीत. लिंबाखाली सगळ्यांसमोर इकडून तिकडे चालत बोलल्या.

"डबी अस्सल होती, म्हंजे चोरी झालीच नव्हती. रात्री खरं बोले, दिवसा नाही. म्हंजे दिवसा कोणी तरी तिचं तोंड बांधे. खोलीभर भुकटी आन डबी कोरी, म्हंजे तिच्यावर काही तरी झाकलेलं राहे. फरशीवर माणसाएवढी जागा कोरी, म्हंजे तिथं कोणी तरी निजे. भरदुपारी पंखा लागला की खोली तापते, पन उर्वशीची खोली सारी दुपार थंड. आन जो माणूस कारखान्यात कधी आला नाही, त्याले कारखान्याचा खोकला. एवढं समजायले मले तांड्यावर जा लागलं, हे माह्यं चुकलं. सांग उर्वशी, पहिल्यांदा कायले झाकली?"

उर्वशी पदराशी चाळा करत नव्हती, खाली पाहत नव्हती. सरळ बोलली.

"सवयीनं. धुकं सोडणारा पंप मी पहिल्यांदा ऐकला, आवाज फवारणीच्या पंपावानीच. नाजूक डबी दिसली, म्हणून झाकली. त्या दुपारी पंखाच लागला नाही. खोली अशी थंड राह्यली, अशी थंड, का मले रडू आलं. तिकडं माह्या माणसाच्या डोक्श्यात कळा मारत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारून मी त्याले वडाखालून मागच्या दारानं आणलं. घरी जाताना पिशवी काढून घ्याची. कालपासून खोली बंद, कोणी येत नाही, थंडावा चालूच. आज बी तुमी पाहून गेल्यावर त्याले आणलं, डबी झाकली. वाफ देणार हे मले कोणी सांगतलं नाही."

"मला विचारायचं होतंस," वैष्णवी म्हणाली.

"विचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं. मंग आणला असता, तं थे चोरी झाली असती."

  शादाबचे दोन्ही हात ओल्या फडक्यांत गुंडाळलेले होते. तो उठून उर्वशीसमोर आला.

"अम्मीच्या पेटीची गोष्ट तुले माहीत होती," तो म्हणाला. "मी चोर नाही हे बी माहीत होतं. माह्याबरोबर इथंच जेवली तू. चूप राह्यली."

उर्वशीचे डोळे भरून आले. "बोलली असती तं माह्या माणसाले पुन्हा टिनाखाली निजवा लागलं असतं," ती म्हणाली. "मी तुह्याकडं पाहिलं, आन त्याच्याकडं पाहिलं."

"मंग त्याच्याकडंच पाह्यलं."

"हव."

शादाबनं मान हलवली. माफी दिली असं कोणी म्हणू नये; दिली नाही. पण शिवीही दिली नाही, आणि विमलताईंनी पुढं केलेलं पाणी त्यानं आधी उर्वशीला द्यायला लावलं.

वैष्णवी म्हणाली, "शादाबभाऊ, चुकलं माझं. उद्यापासून..."

"हे मले नका सांगू मॅडम. ज्यायच्या घरी शिरल्या, त्यायले सांगा."

दिवस कलता कलता सत्यभामाबाई आणि वैष्णवी आर्णीत शादाबच्या गल्लीत उतरल्या. ठाण्याच्या रस्त्याला गाडी वळली नाही, सरळ पुढं गेली. त्याच्या आईनं, रशीदाबींनी, दार उघडलं, दोघींना आत घेतलं, पाणी दिलं. पेटी पुन्हा भिंतीशी लावून ठेवली होती. वैष्णवी खाटेच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. मध्येच तिचा आवाज फाटला. शेवटी म्हणाली, "चाची, तुमच्या मुलानं काही केलं नव्हतं. उलट आज त्याच्यामुळं एक माणूस वाचला. मला माफ करा."

रशीदाबींनी पेला उचलून कोनाड्यात ठेवला.

"मले तं माहीत होतं, बेटी," त्या म्हणाल्या. "माह्या लेकाले मी वळखते. तू मले काय नवीन सांगून राह्यली? त्या दिवशी तू चार माणसं घेऊन आली, पेटी अंगणात उलटी केली, थे गल्लीनं पाह्यलं. आज माफी मांगाले आली तं दार लावून, हळू आवाजात. ज्यायनं पाह्यलं त्यायले कोण सांगन?"

वैष्णवीनं सत्यभामाबाईंकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी तिला मदत केली नाही. तीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ हुकूम त्यांनी कोणा साहेबाच्या तोंडून ऐकला नव्हता.

वैष्णवी उठली, ओढणी सारखी केली आणि बाहेर पडली. समोरच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तिनं कडी वाजवली.

"मी वैष्णवी गावंडे," ती म्हणाली, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "त्या दिवशी शादाबच्या घरात शिरले होते ती. त्यानं चोरी केली नव्हती. मला काही सांगायचंय."

शिलाई मशीन थांबलं. दार उघडून म्हाताऱ्या टेलरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून रशीदाबींकडे पाहिलं.

"थांबा बाई," तो म्हणाला. "बाकीच्यायले बी बोलावतो."